नारळाआधीचा विराम

श्रावण अर्ध्यावर आला, पावसाचा पहिला धुवाधार जोर ओसरला, आणि उरणच्या करंजा-मोऱ्यापासून बाणकोटच्या खाडीपर्यंत पसरलेल्या आपल्या किनाऱ्यावर पुन्हा एकदा नारळी पौर्णिमा उजाडली आहे. थळ, वरसोली, रेवदंडा, कोर्लई, मुरूड, श्रीवर्धन अशा गावोगावच्या कोळीवाड्यांत आज सकाळपासून लगबग आहे. बोटींना नवा रंग चढला आहे, त्यांच्यावर हार आणि पताका लागल्या आहेत, आणि घराघरांतून नारळीभाताचा, वेलदोड्याचा, तुपाचा दरवळ गल्लीत उतरला आहे. कुणाच्या मनगटावर राखी बांधली जात आहे, कुणाच्या खांद्यावर श्रावणीचे नवे जानवे आले आहे. संध्याकाळी सोनेरी कागदाने मढवलेला नारळ वाजतगाजत बंदरावर निघेल, त्याच्या मागे सारे गाव निघेल, आणि पौर्णिमेच्या उधाणाने फुगलेल्या दर्याला तो अर्पण करताना प्रत्येकजण मनातल्या मनात आपापले एक मागणे मागेल. मिरवणूक साऱ्या गावाची, पण ते मागणे ज्याचे त्याचे. आपल्या सणांची ही ठेवणच अशी आहे, की गर्दीच्या ऐन मध्यावर ते माणसाला क्षणभर एकटे उभे करतात.

या एकट्या क्षणाचा विचार आज करावासा वाटतो. नारळ पाण्यात पडतो तो क्षण डोळ्यांत भरतो. त्याची छायाचित्रे निघतात, वर्तमानपत्रांत ती छापून येतात. पण त्या क्षणाच्या आधी जे घडलेले असते, त्याचे छायाचित्र निघत नाही. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्या राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांना मासेमारीची मनाई असते. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, जाळी अंगणात पसरून तुटलेले फास एकेक करून पुन्हा विणले जातात, आणि आगोटीला साठवलेल्या सुकटीवर, बोंबलावर, सोड्यांवर घरे पावसाळा काढतात. त्याच दिवसांत पाण्याखाली अनेक जातींची मासळी अंडी घालत असते, पिले वाढत असतात. मासेमारीचे नियमन करणारा राज्याचा कायदा १९८१चा आहे. पावसाळ्यात दर्या सोडून देण्याची आणि नारळ दिल्यावाचून होडी न लोटण्याची रीत मात्र त्याहून कितीतरी जुनी. म्हणजे आज जो नारळ आपण दर्याला देतो, ते आपले पहिले देणे नव्हेच. त्याच्या आधी आपण आपला हात आवरलेला असतो. हा आवरलेला हात हेच खरे अर्पण, आणि नारळ ही त्याची पूर्तता.

आपल्या काळात अध्यात्म फार वैयक्तिक झाले आहे, असे म्हटले जाते, आणि ते खोटे नाही. एके काळी गावाचे दैवत, कुळाचा आचार आणि जातीचा पुरोहित यांनी माणसाची श्रद्धा घडवून त्याच्या हाती दिलेली असे. आज तो आपली श्रद्धा आपणच जुळवतो. सकाळी मोबाईलवर काकडआरतीचे थेट दर्शन, दुपारी कार्यालयात दहा मिनिटांचे श्वसन, रात्री एखादे प्रवचन ऐकत झोप. कुणी विपश्यनेला जाऊन दहा दिवस मौन धरतो, कुणी ज्ञानेश्वरीचे पारायण करतो, कुणी देव मानत नाही पण ध्यान मात्र चुकवत नाही. पाश्चात्त्य देशांत तर आपण कुठल्याच धर्माचे नाही, पण आध्यात्मिक आहोत, असे सांगणारा मोठा वर्ग तयार झाला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा योगदिन ठरवला आणि २०१५पासून तो जगभर साजरा होऊ लागला; २०२४मध्ये २१ डिसेंबर हा जागतिक ध्यानदिन म्हणून घोषित झाला. आतल्या शांतीची भूक इतक्या उघडपणे, इतक्या साऱ्या देशांनी एकाच वेळी बोलून दाखवावी, ही मानवजातीच्या इतिहासातली लहान गोष्ट नाही.

या भुकेची थट्टा करण्याचे कारण नाही. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो नौकेने मांडव्याला उतरणारे, किंवा २०२४च्या जानेवारीत खुल्या झालेल्या अटल सेतूवरून गाडी पिटाळत येणारे मुंबईकर शुक्रवारी संध्याकाळी आपल्या किनाऱ्यावर पोचतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आठवडाभराचा शीण असतो. किहीमच्या सुरूंच्या बनात, नागावच्या वाडीत किंवा काशिदच्या वाळूवर ते निमूट बसून राहतात. आपण त्यांना पर्यटक म्हणतो; पण त्यांतला एखादा तरी पायाशी येणाऱ्या लाटेकडे बघत असे काही शोधत असतो, की ज्याला यात्रेकरूवाचून दुसरा शब्द नाही. लोकलच्या गर्दीत, हप्त्यांच्या ओझ्यात, सतत वाजणाऱ्या फोनच्या तगाद्यात ज्याचे मन कुठेच टेकत नाही, त्याने ते दोन दिवस समुद्राकाठी टेकू द्यावे, यात वावगे काय? मनाला विसावा हवाच, आणि तो देणारा किनारा आपल्या वाट्याला आला आहे, हे आपले भाग्य.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. रविवारी संध्याकाळी परतताना जी शांती सोबत जाते, तिचे सोमवारी काय होते? ती आपल्या वागण्यात उतरते, की पुढच्या शनिवारपर्यंत संपून जाते? आणि जिच्या काठावर ती मिळाली, त्या वाळूवर आपण मागे काय ठेवून जातो? अध्यात्म वैयक्तिक असावे की सामाजिक, असा वाद अधूनमधून रंगतो. आपला किनारा त्या वादात पडत नाही. तो अनेक शतके एकच साधी कसोटी लावत आला आहे: तुझ्या श्रद्धेने तुला कुठे थांबायला शिकवले?

या कसोटीचा सर्वांत जुना आणि सर्वांत हृद्य दाखला अलिबागजवळच्या नवगावचा. कित्येक शतकांपूर्वी याच किनाऱ्यावर एक गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्रायल या यहुदी समाजाची परंपरागत कथा आहे. बुडालेल्यांना जिथे मूठमाती दिली, ती जागा नवगावला आजही स्मरणस्थान म्हणून जपली आहे. परंपरा सांगते, की ग्रंथ समुद्राने गिळले होते, पुरोहित उरला नव्हता, मायदेशाशी नाते तुटले होते. उरले होते ते एका प्रार्थनेचे काही शब्द, आहाराचे काही नियम, मुलग्यांची सुंता आणि आठवड्यातला एक विश्रांतीचा दिवस. कोकणच्या खेड्यांतून ते तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले, केहिमकर, रोहेकर, पेणकर, नवगावकर अशी गावांची नावे त्यांनी आपली मानली. पण शनिवारी त्यांचा घाणा फिरला नाही. गावाने त्यांना नावच दिले, शनिवार तेली. त्यांचा देव गावाला ठाऊक नव्हता, त्यांची प्रार्थना गावाला कळत नव्हती. गावाला दिसत होता तो एक थांबलेला घाणा.

धंद्याचा एक दिवस दर आठवड्याला सोडून देणे हे हातावर पोट असलेल्या माणसाला सोपे नसते. गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, बैल बांधून ठेवला तरी त्याला वैरण घालावीच लागते. तरीही पिढ्यान्‌पिढ्या, कुणी सांगणारा नसताना, चुकल्यास कुणी जाब विचारणारा नसताना, त्यांनी तो दिवस पाळला. वैयक्तिक अध्यात्माची यापेक्षा नितळ व्याख्या कोणती करणार? देऊळ नाही, पोथी नाही, समाजाचा धाक नाही. आहे तो केवळ आपल्या अंतःकरणाशी केलेला करार. आणि तोच करार पुढे साऱ्या समाजाची ओळख होऊन बसला. १९४८नंतर त्यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले. अलिबागच्या इस्रायल आळीत आज मोजकी घरे उरली आहेत, सिनेगॉग उभे आहे, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाचा मलिदा ही मंडळी जिथे गेली तिथे आजही करतात. एका वैयक्तिक नेमाने एक समाज टिकवला, हे या किनाऱ्याने पाहिले आहे.

दुसरा दाखला थोडा आत, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तिथे विनायक नरहर भावे जन्मले, ज्यांना पुढे जगाने विनोबा म्हणून ओळखले. नारळी पौर्णिमेपाठोपाठच त्यांची जयंती येते, म्हणून या दिवसांत त्यांची आठवण अधिकच जवळची वाटते. विनोबांनी आपल्या आईच्या ज्या आठवणी सांगून ठेवल्या आहेत, त्यांत एक फणसाची आहे. घरचा फणस कापला, की आई आधी पानांच्या द्रोणांत गरे घालून मुलाला शेजारीपाजारी पाठवी, आणि मगच घरातल्यांच्या हातावर गरा पडे. दुसरी आठवण तांदळाची. देवाला एक लाख दाणे वाहण्याचे व्रत तिने धरले होते आणि रोज ती एकेक दाणा मोजून वाही. वडील हिशेबी, शास्त्रीय वृत्तीचे. थोडेसे तांदूळ वजन करून त्यातले दाणे मोज, आणि त्यावरून लाखाचा हिशेब कर, म्हणजे वेळ वाचेल, असे त्यांनी सुचवले. आईला उत्तर सुचेना. तेव्हा लहानग्या विनोबाने तिला सांगितले, की हे गणित नाही. प्रत्येक दाण्याबरोबर होणारे ते ईश्वराचे स्मरण आहे.

ज्या घरात मुखात घास जाण्याआधी हात थांबतो, आणि दाणा वाहताना मन थांबते, त्या घरातून विनोबा निघाले. १९१६ साली ब्रह्माच्या शोधात त्यांनी घर सोडले. हिमालय त्यांना ओढत होता. वाटेत गांधीजी भेटले आणि वाट बदलली. एकांताची ओढ असलेला हा माणूस १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी सोबतच्या कैद्यांना गीता समजावून सांगू लागला, आणि साने गुरुजींनी ती प्रवचने टिपून घेतली. आईने मराठीतून गीता मागितली होती, तिच्यासाठी गीताई झाली. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला भूमिहीनांनी जमीन मागितली, तेव्हा सभेतच रामचंद्र रेड्डींनी आपली १०० एकर देऊ केली, आणि भूदानाची पदयात्रा सुरू झाली. वर्षानुवर्षे हा कृश माणूस पहाटे उठून चालत राहिला. आपल्याजवळचे पुरे झाले, आता शेजाऱ्याला दे, एवढीच त्याची मागणी होती. त्या चळवळीत त्रुटी राहिल्या, मिळालेली कितीतरी जमीन वाटली गेली नाही, हेही खरे. पण ध्यानाला बसणारा आणि भूमिहीनासाठी दारोदार जाणारा असे दोन वेगळे विनोबा नव्हते, हे विसरून चालणार नाही. फणसाचा द्रोण हातात घेऊन शेजाऱ्याकडे निघालेला मुलगाच पुढे देशभर चालला.

तिसरा दाखला कुंडलिकेच्या काठचा. जी कुंडलिका रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामधून समुद्राला मिळते, तिच्याच तीरावरच्या रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी स्वाध्याय चळवळ उभी करणारे पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. १९९६चा मॅगसेसे आणि १९९७चा टेम्पल्टन हे पुरस्कार त्यांना लाभले, हे आपण अभिमानाने सांगतो; पण दर्यावर्दी गावांना त्यांची आठवण राहावी ती मत्स्यगंधेसाठी. स्वाध्यायींनी मिळून एक नौका बांधायची, मच्छीमार बांधवांनी पाळीपाळीने तिच्यावर जाऊन आपले कसब देवाच्या पायी वाहायचे, आणि त्या दिवशी जाळ्यात जे येईल ते कुणा एकाचे मानायचे नाही. ती मिळकत देवाची, म्हणून ती गावातल्या अडलेल्या घरी प्रसादासारखी, घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही अशा रीतीने पोचवायची. नौका हेच देऊळ, जाळे टाकणे हीच पूजा. पूजा करणारा मात्र त्या दिवशी आपल्याच घामाच्या फळावरून आपला हक्क उचलतो. भर समुद्रात, जाळे भरून आलेले असताना, हे माझे नाही असे म्हणता येणे ही साधना कुठल्या गुंफेतल्या तपाहून उणी म्हणावी?

याच रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ साली सुरू केलेल्या दासबोधाच्या निरूपणाची बैठक गावोगाव पोचली. आठवड्यातले ठराविक तास ऐकायला बसणे, इतकेच तिचे बाह्य रूप. पण दिवसभर बोलण्याच्या आणि बोलावून घेण्याच्या धबडग्यात गढलेल्या माणसाने स्वस्थ बसून दुसऱ्याचे ऐकणे, हाही एक विरामच आहे. आणि ऐकून झाल्यावर त्याच श्रोत्यांनी हाती खराटे घेऊन रस्ते झाडलेले, विहिरी-तळी उपसलेली, झाडे लावलेली आपण पाहिली आहेत. श्रवण हातापायांत उतरले की त्याला असेच रूप येते.

दक्षिणेला, हरिहरेश्वरी, हाच धडा समुद्र स्वतः देतो. तिथल्या प्रदक्षिणेची वाट देवळामागच्या कड्याला वळसा घालून, लाटांनी खोदलेल्या खडकांवरून जाते, आणि ती मोकळी होते फक्त ओहोटीला. भरतीच्या वेळी भाविक कितीही दुरून आलेला असो, त्याची श्रद्धा कितीही उत्कट असो, त्याला थांबावे लागते. जे थांबले नाहीत, त्यांतल्या काहींना समुद्राने परत दिले नाही. देवाभोवती फिरण्याची घाई झालेल्या माणसालाही पाणी सांगते, की आधी माझी वेळ बघ. आपल्या इच्छेपेक्षा मोठे काही आहे, हे कळणे म्हणजे अध्यात्माची पहिली पायरी; ते मान्य करून वाट पाहणे ही दुसरी.

न थांबणाऱ्या हाताचे काय होते, हेही आपल्या किनाऱ्याने भोगले आहे. दिवेआगरच्या वाडीत १९९७च्या नोव्हेंबरात जमिनीतून सुवर्णगणेश प्रकटला आणि शांत गाव यात्रेचे ठिकाण झाले. २४ मार्च २०१२ रोजी दरोडेखोरांनी देवळातले सोने लुटले; त्या रात्री राखणीला असलेल्या दोघांनी आपले प्राण गमावले. पुढे जप्त झालेल्या सोन्यातून मूर्ती पुन्हा घडली आणि नोव्हेंबर २०२१मध्ये तिची प्रतिष्ठापना झाली. सोने परतले, ती दोन माणसे परतली नाहीत. ज्याला गणपतीत केवळ वजन दिसले त्याचा लोभ, आणि ज्याला समुद्रात केवळ टन दिसतात त्याचा लोभ, हे एकाच मुळाचे आहेत.

म्हणून आजच्या दिवशी हे स्पष्ट बोलले पाहिजे. मासळी कमी झाली, ही तक्रार आज प्रत्येक बंदरावर ऐकू येते. प्रकाशझोत टाकून मासे गोळा करण्याच्या एलईडी मासेमारीला केंद्राने २०१७मध्ये मनाई केली. पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६मध्ये निर्बंध घातले. २०२३मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरले आणि त्याच वर्षी पापलेट हा राज्यमासा झाला. नियम पुष्कळ आहेत, आणि ते हवेतच. पण राज्याची सागरी हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल पसरलेली. अमावास्येच्या रात्री इतक्या पाण्यावर किती गस्तीनौका ठेवणार? बोटाएवढी पापलेटची पिले जाळ्यात आली, तर ती पुन्हा पाण्यात सोडायची की बर्फात भरायची, हे त्या क्षणी तांडेल आणि खलाशी यांच्यावाचून कुणालाच ठाऊक नसते. बाजारात तेच पिलू स्वस्त मिळते म्हणून पिशवीत घ्यायचे की नको म्हणायचे, हेही आपल्यावाचून कुणाला ठाऊक नसते. जिथे कायद्याची नजर पोचत नाही आणि शेजाऱ्याची निंदा पोचत नाही, तिथे माणसाजवळ काय उरते? तिथे जे उरते तेच त्याचे अध्यात्म. आधुनिक समाजात वैयक्तिक श्रद्धेला जागा कोणती, असे कुणी विचारले, तर तिची जागा नेमकी ही आहे.

हे म्हणताना एक अन्याय आपल्या हातून घडता कामा नये. संयमाचा उपदेश गरिबाला करणे फार सोपे असते. ६१ दिवस बोट बंद ठेवणाऱ्या घरात त्या दिवसांत मिळकत थांबते. मुलांच्या शाळा त्याच जूनमध्ये सुरू होतात, आणि जाळे दुरुस्तीचा, इंजिनाचा, रंगाचा खर्च त्याच जुलैत येतो. छोट्या होडीवाल्याने हात आवरावा आणि मोठ्या भांडवलाने रात्री समुद्र खरवडून न्यावा, असे होत राहिले, तर त्याला संयम म्हणता येणार नाही. ती लूटच ठरेल. अध्यात्म कायद्याची जागा घेऊ शकत नाही, आणि सरकारने ते आपल्या उणिवेवरचे पांघरूण म्हणून वापरू नये. बंदीच्या काळातली मदत वेळेवर पोचणे, निर्बंध मोठ्यांनाही सारखेच लागू होणे, ही शासनाची कर्तव्ये आहेत. पण कायदा कितीही चोख झाला तरी अखेर त्याला माणसाच्या मनातच मुळे धरावी लागतात, आणि ती माती तयार करण्याचे काम आपले.

आज ज्या नारळाला आपण मान देतो आहोत, त्याचीही एक गोष्ट या माळेत ओवायला हवी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. काही तासांत अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्या आडव्या झाल्या. आजोबांनी लावलेले माड, श्रीवर्धनी रोठ्याच्या पोफळी, आंब्या-फणसाचे जुने वृक्ष मुळासकट उन्मळले. टाळेबंदीचे दिवस, छपरे उडालेली, वीज कित्येक आठवडे नाही, आणि अंगणात पिढ्यांची कमाई आडवी पडलेली. अशा वेळी पुन्हा माड लावायला हात उचलणे ही मामुली गोष्ट नव्हती. बाणवली माड फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात आणि पुढे तो सत्तर-ऐंशी वर्षे जगतो. म्हणजे जो साठीतला गृहस्थ खचलेल्या वाडीत रोप लावतो, तो बहुतेक फळ दुसऱ्यासाठीच लावतो. त्याने कुठले शिबिर केले नसेल, त्याच्या ओठी वेदान्ताची परिभाषा नसेल. पण आपल्या नंतरच्या माणसासाठी वाकून माती लोटण्यात जे आहे, त्याहून मोठे तत्त्वज्ञान ग्रंथांनी सांगितलेले नाही. नवे होणे म्हणजे हेच: जे गेले त्याचा शोक आवरून, जे अजून आलेले नाही त्याची काळजी वाहणे.

थांबणे आणि लावणे, घेण्याआधी देणे आणि वाट पाहणे. शनिवारच्या घाण्यापासून श्रीवर्धनच्या नव्या वाडीपर्यंत आपल्या किनाऱ्याने सांगितलेले अध्यात्म एवढेच आहे. त्यात हिंदू आहे, बेने इस्रायल आहे, कोर्लईच्या चर्चमध्ये प्रार्थना करणारा आहे, दर्ग्यावर चादर चढवून मग समुद्रावर जाणारा आहे. प्रत्येकाची प्रार्थना निराळी, आणि ती त्याच्या अंतरात राहो. तिथे डोकावण्याचा अधिकार कुणाला नाही. तिचे फळ मात्र साऱ्यांच्या वाट्याला यावे, एवढी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार समाजाला आहे. ज्या साधनेने शेजाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही, ती साधना अपुरी राहिली, असे म्हणायला आपण कचरू नये.

तेव्हा आज दर्याला नारळ देताना मागणे जरूर मागावे. लेकराबाळांचे कुशल, बोटीची सुखरूप वापसी, घरातल्या अडचणींचे निवारण. पण त्याच्या जोडीला प्रत्येकाने येत्या वर्षासाठी एक विराम आणि एक कर्तव्य निवडावे. मच्छीमाराने जाळ्यातले पिलू सोडावे. गिऱ्हाइकाने ते विकत घेऊ नये. नारळ देताना त्याच्याबरोबर प्लास्टिकची पिशवी आणि थर्माकोलचा तुकडा पाण्यात जाऊ देऊ नये. किनाऱ्यावर शांती शोधायला येणाऱ्याने आपला कचरा आपल्याबरोबर परत न्यावा. ज्याच्या दारात चार हात जागा आहे, त्याने यंदाच्या पावसात एक माड लावावा. आणि ज्याच्याजवळ यांतले काहीच नाही, त्याने घरी काही नवे आले की त्यातला पहिला वाटा शेजारी पोचवावा. व्रताला साक्षीदार लागत नाही. ते पाळावे लागते. आपण ते पाळू या.